राइकोकेची वाट पाहताना सापडलेला सायबेरियाचा धूर

जर्मनीचे ‘पोलारश्टेर्न’ हे बर्फ फोडत जाणारे संशोधन जहाज २० सप्टेंबर २०१९ रोजी नॉर्वेतील ट्रोम्सो बंदरातून निघाले आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सायबेरियाच्या उत्तरेस सुमारे ८५ अंश अक्षांशावर, एका मोठ्या हिमखंडाला बांधून घेऊन त्याच्याबरोबर वाहू लागले. ‘मोझेइक’ या नावाने ओळखली जाणारी ही आंतरराष्ट्रीय मोहीम वर्षभर चालली. जहाजाच्या पुढच्या डेकवर लाइपझिगच्या लाइबनिट्झ तपांबर संशोधन संस्थेचा एक कंटेनर होता. त्यात ‘पॉली’ मालिकेतले लायडार, म्हणजे लेझरच्या परतलेल्या प्रकाशावरून हवेतले कण पाहणारे यंत्र, बसवलेले होते आणि ते बर्फाच्या पृष्ठभागापासून ३० किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेतील कणांची सतत नोंद घेत होते. प्रस्तुत प्रकरण या यंत्राने सात महिने पाहिलेल्या एका थराचे आहे. तो थर ज्वालामुखीचा की वणव्याच्या धुराचा, हे लेझरच्या परतलेल्या प्रकाशावरून कसे ठरवले गेले आणि त्या निर्णयाचा कोणता भाग अजून वादात आहे, हे येथे मांडले आहे.

अपेक्षा काय होती

मोहीम निघण्यापूर्वीच संशोधकांना आकाशात काय दिसेल याचा अंदाज होता, आणि तो निराधार नव्हता. कुरिल बेटांमधील राइकोके हा ज्वालामुखी १९२४ नंतर प्रथमच २१ आणि २२ जून २०१९ या दोन दिवसांत जोरदार उसळला होता. त्याने सुमारे १५ लाख टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात सोडला आणि त्यातला बराचसा स्थितांबरात, म्हणजे ढगपावसाच्या तपांबराच्या वरच्या थरात, पोहोचला. अशा उद्रेकातील जाडसर राख लवकर खाली बसते. वायूचे मात्र पुढच्या आठवड्यांत गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर होते आणि हे थेंब महिनोन्‌महिने तरंगत राहतात. तेव्हा हिवाळ्यापर्यंत उत्तर ध्रुवाच्या माथ्यावर राइकोकेचा विरळ अवशेष उरलेला असेल आणि त्याची प्रकाशीय जाडी, म्हणजे थर सरळ जाणारा प्रकाश किती अडवतो याचे माप, ०.००५ ते ०.०१ एवढी असेल, असे धरले गेले होते.

प्रत्यक्षात दिसलेला थर सात-आठ किलोमीटरपासून सतरा-अठरा किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेला होता आणि शरद ऋतूत त्याची प्रकाशीय जाडी ०.१ च्या आसपास होती, म्हणजे अपेक्षेच्या किमान दहापट. उभ्या दिशेने खाली येणाऱ्या हिरव्या प्रकाशातला दहावा हिस्सा हा थर सरळ मार्गातून काढून टाकत होता. ध्रुवाजवळच्या, स्वच्छ मानल्या गेलेल्या हवेत हे प्रमाण अतिशय मोठे आहे. शिवाय तो येऊन निघून गेला नाही. प्रबळ ध्रुवीय भोवरा, म्हणजे हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारी अतिथंड हवा, एप्रिल २०२० च्या अखेरीस विस्कटू लागेपर्यंत, थोडा विरळ होत का होईना, तो डोक्यावर टिकून राहिला.

अशा वेळी सर्वांत सोपे स्पष्टीकरण हाताशी होते: राइकोकेचा अंदाज कमी पडला, त्याने धरल्यापेक्षा अधिक कण निर्माण केले. ज्वालामुखी ठाऊक होता, तारीख ठाऊक होती, उंचीही साधारण जुळत होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हाच आहे. एखाद्या गोष्टीची वाट पाहिली जात असली की समोर येईल त्यावर तेच नाव चिकटवणे फार सहज घडते.

लेझरला काय दिसते आणि काय दिसत नाही

लायडार प्रकाशाचा अतिशय छोटा स्पंद आकाशात सोडते आणि परत येणारा प्रकाश दुर्बिणीने गोळा करते. जाण्यायेण्याचा वेळ मोजला की उंची कळते. दहा किलोमीटरवरून प्रकाश परतायला सुमारे ६७ मायक्रोसेकंद लागतात. पॉली यंत्र सेकंदाला वीस स्पंद सोडते आणि एकाच वेळी तीन तरंगलांबींवर काम करते: ३५५ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील, ५३२ नॅनोमीटर, म्हणजे हिरवा, आणि १०६४ नॅनोमीटर, म्हणजे अवरक्त. त्याचा झोत अगदी उभा नसतो, पाच अंश कललेला असतो. बर्फाचे चपटे स्फटिक हवेत आडवे तरंगतात आणि सरळ वर सोडलेला प्रकाश आरशासारखा परतवतात. हा कल नसता तर ध्रुवावरच्या हवेत, जिथे असे स्फटिक नेहमीच आढळतात, मोजणीत गोंधळ झाला असता. (लायडार मराठी मुलखाला नवे नाही, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत आर्गॉन-आयन लेझर वापरून हवेतील कणांची अशी मोजणी १९८० च्या दशकातच सुरू झाली होती.)

कण कोणत्या पदार्थाचा आहे हे परतलेल्या प्रकाशावर लिहिलेले नसते, ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. प्रकाश सांगतो तो कणाचा आकार, त्याचे माप आणि तो प्रकाश किती शोषतो. या तिन्हींवरून पदार्थाचा तर्क करावा लागतो, आणि तो तर्क किती पक्का हे किती राशी स्वतंत्रपणे मोजल्या यावर अवलंबून असते.

आकार कळतो तो ध्रुवणातून. लेझरचा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. गोल थेंबावरून तो परतला तर ते प्रतल तसेच राहते. खडबडीत, कोनदार कणावरून परतला तर त्यातला काही भाग काटकोनातल्या प्रतलात वळतो. या वळलेल्या भागाचे मूळ प्रतलातल्या भागाशी असलेले प्रमाण म्हणजे विध्रुवण गुणोत्तर.

ताज्या राखेच्या बाबतीत हे गुणोत्तर फार स्पष्ट बोलते. आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा शिखरावरचा उद्रेक १४ एप्रिल २०१० रोजी सुरू झाला आणि दोनच दिवसांनी त्याची राख लाइपझिग आणि म्युनिकजवळच्या माइझाख येथील लायडारच्या माथ्यावर होती. माइझाख येथे अतिनील आणि हिरव्या अशा दोन्ही रंगांत विध्रुवण गुणोत्तर ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा किंचित वर आले. काचेसारखे तुटलेले, टोकदार, जाडसर कणच दोन्ही रंगांत इतके आणि जवळजवळ सारखे विध्रुवण करू शकतात. युरोपातली विमाने जमिनीवर खिळलेली असताना या मोजणीवरून राखेचे वस्तुमानही काढता आले आणि जास्तीत जास्त प्रमाण घनमीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास भरले. विमानांच्या जेट इंजिनांत ही राख वितळून आतल्या पात्यांवर चिकटते; १९८२ मध्ये जावा बेटावरच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. त्यामुळे ‘ढग दिसतो’ एवढ्यावर भागत नव्हते, ती राखच आहे आणि किती आहे, हे सांगावे लागत होते, आणि लायडारने ते सांगितले.

धुराची गोष्ट इतकी सरळ नाही. खालच्या हवेतला धूर साधारणपणे फारच कमी विध्रुवण करतो, कारण काजळीच्या गाभ्याभोवती सेंद्रिय द्रव्याचे आवरण जमून कण गोलसर होतो. परंतु कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १२ ऑगस्ट २०१७ रोजी वणव्यांवर उभ्या राहिलेल्या अग्निजन्य गडगडाटी ढगांनी जो धूर थेट स्थितांबरात फेकला, तो दहा दिवसांनी लाइपझिगवर आला तेव्हा त्याचे विध्रुवण अतिनीलमध्ये वीस टक्क्यांहून थोडे अधिक, हिरव्यात अठरा टक्क्यांच्या आसपास आणि अवरक्तात फक्त चार टक्के होते. रंगागणिक होणारी ही घसरण राखेत दिसत नाही. ज्याच्याकडे एकाच रंगाचे यंत्र असेल त्याला मात्र हा धूर अर्धवट राखेसारखा वाटू शकतो.

पोलारश्टेर्नवरच्या थरात हिरव्या रंगातले विध्रुवण अगदी थोडे होते. राख बाद झाली आणि बर्फाचे स्फटिकही बाद झाले. उरले ते गोल कण. गोल कण म्हणजे गंधकाम्लाचे थेंब असू शकतात, किंवा पूर्ण जुना होऊन गोल बनलेला धूर असू शकतो. राइकोकेची अपेक्षा बाळगणाऱ्या कोणालाही येथे थांबून ‘गंधकाम्ल’ असे लिहून मोकळे होता आले असते, आणि विध्रुवणाच्या आकड्याने त्याला काहीही आडकाठी केली नसती.

नायट्रोजनची साक्ष

निर्णय दुसऱ्या एका राशीने दिला, तिला लायडार गुणोत्तर म्हणतात. कणांचा थर सरळ जाणारा प्रकाश एकूण किती कमी करतो, म्हणजे विलोपन, आणि त्यातला किती ठीक उलट दिशेने परत पाठवतो, म्हणजे प्रतिप्रकीर्णन, यांचा भागाकार म्हणजे हे गुणोत्तर. त्याचे एकक स्टेरेडियन, म्हणजे घनकोनाचे एकक. काजळी असलेला, प्रकाश गिळणारा कण पुष्कळ प्रकाश नाहीसा करतो आणि थोडाच परत देतो, म्हणून त्याचे गुणोत्तर मोठे येते. न शोषणाऱ्या पारदर्शक थेंबाचे लहान येते.

अडचण अशी की साध्या लायडारला या दोन राशी वेगळ्या करता येत नाहीत. त्याच्याकडे परत आलेला एकच संकेत असतो आणि त्यात परत पाठवलेला प्रकाश आणि वाटेत हरवलेला प्रकाश एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून गुणोत्तर आधी गृहीत धरून गणित सोडवावे लागते. जे शोधायचे तेच गृहीत धरले की उत्तरात तेच निघणार.

पॉली यंत्र रामन लायडार आहे, आणि त्याचे महत्त्व येथे आहे. हवेतील नायट्रोजनचे रेणू ५३२ नॅनोमीटरचा थोडासा प्रकाश ६०७ नॅनोमीटरवर आणि ३५५ चा ३८७ वर सरकवून परत पाठवतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवून दिलेला हाच परिणाम. कण या सरकलेल्या रंगांत काहीच परत पाठवत नाहीत. त्या उंचीवर नायट्रोजन किती आहे हे फुग्यावरून सोडलेल्या रेडिओसाँड या मापनयंत्राच्या तापमान-दाबावरून नेमके काढता येते. मग नायट्रोजनकडून जेवढा प्रकाश यायला हवा होता त्यापेक्षा जेवढा कमी आला, तेवढा वाटेतल्या कणांनी काढून घेतला. विलोपन अशा रीतीने लायडार गुणोत्तर गृहीत न धरता स्वतंत्रपणे हाती येते.

रामन संकेत अतिशय क्षीण असतो आणि दिवसाच्या उजेडात बुडून जातो. या बाबतीत ध्रुवीय रात्र ही एक दुर्मीळ सोय ठरली. ऑक्टोबरनंतर महिनोन्‌महिने सूर्यच नव्हता, त्यामुळे खालचे ढग बाजूला असतील तेव्हा तासन्‌तास मोजणी साठवून क्षीण संकेतातून विश्वसनीय आकडे काढता आले. मध्य युरोपातल्या एखाद्या केंद्राला हिवाळ्यातही अशी सलग संधी मिळत नाही.

आकडे असे आले: अतिनील रंगात सरासरी लायडार गुणोत्तर ५५ स्टेरेडियन, हिरव्या रंगात ८५ स्टेरेडियन. यातला ८५ हा आकडा मोठा आहेच, पण खरी खूण आहे ती दोघांच्या क्रमात. हिरव्यातले गुणोत्तर अतिनीलपेक्षा इतके जास्त असणे हे जुन्या, लांबवर प्रवास केलेल्या धुराचेच लक्षण म्हणून ठाऊक आहे. २०१७ च्या कॅनडाच्या धुरातही लाइपझिगला अतिनीलमध्ये सुमारे ४० आणि हिरव्यात ६६ असाच चढता क्रम मिळाला होता. याउलट २००८ आणि २००९ मधील उद्रेकांनंतर लाइपझिगवर मोजलेल्या ज्वालामुखीजन्य थरांत अतिनीलमध्ये ३० ते ६० आणि हिरव्यात ३० ते ४५ अशी मूल्ये आली होती, म्हणजे क्रम उलटा किंवा सपाट. ताज्या राखेत दोन्ही रंगांत पन्नाशी-पंचावन्नीच्या आसपासचे आकडे येतात. केवळ अतिनीलमधला ५५ हा आकडा घेतला असता तर तो धूर, राख आणि गंधकाम्ल या तिघांनाही चालण्यासारखा होता. दुसऱ्या रंगाने निकाल लावला.

लाइपझिगच्या संस्थेतील केव्हिन ओनायझर, आल्बर्ट आन्समान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की सुमारे सात ते तेरा किलोमीटरमधला मुख्य थर धुराचाच होता, राइकोकेचा वाटा एकूण प्रकाशीय जाडीच्या १५ टक्क्यांहून कमी होता आणि तो बहुधा तेरा किलोमीटरच्या वर होता.

धूर तेथे पोहोचला कसा

जुलै आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मध्य आणि पूर्व सायबेरियात प्रचंड प्रदेशावर वणवे पेटले होते आणि आठवडेच्या आठवडे जळत होते. क्रास्नोयार्स्क आणि इर्कुत्स्क या प्रदेशांत आणीबाणी जाहीर करावी लागली होती. धूर इतका होता याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो त्याच्या उंचीचा. कॅनडात २०१७ साली गडगडाटी ढगांनी धूर काही तासांत वर नेला होता. सायबेरियाच्या बाबतीत लाइपझिगच्या गटाने वेगळी वाट सुचवली: काजळी सूर्यप्रकाश शोषते, आजूबाजूची हवा तापते, तापलेली हवा धुरासकट वर सरकते, आणि स्थिर उच्चदाबाच्या क्षेत्रात अडकलेला दाट धूर काही दिवसांत अशा रीतीने तपस्तब्धीपर्यंत, म्हणजे तपांबर आणि स्थितांबर यांच्या सीमेपर्यंत, चढू शकतो.

मला या सूचनेचे विशेष महत्त्व वाटते ते विध्रुवणामुळे. सावकाश चढणाऱ्या धुराला जुने व्हायला, आवरण जमवायला आणि गोल व्हायला भरपूर वेळ मिळतो. ढगातून फेकल्या गेलेल्या धुराला तो मिळत नाही. पोलारश्टेर्नवरचे अत्यल्प विध्रुवण आणि २०१७ चे वीस टक्के यांतली तफावत त्यामुळे समजण्याजोगी होते. तरीही हे गृहीतकच आहे, आणि मूळ लेखकांनीही ते गृहीतक म्हणूनच मांडले आहे.

उपग्रहाने काय नोंदवले

त्या काळात कणांची उंची अवकाशातून मोजणारे मुख्य साधन म्हणजे २००६ मध्ये सोडलेला ‘कॅलिप्सो’ उपग्रह. त्याची कक्षा ८२ अंशांपलीकडे जात नव्हती, म्हणून मुख्यतः ८५ ते ८८.५ अंशांमध्ये वाहणाऱ्या जहाजाच्या माथ्यावरचे त्याला कधीच दिसले नाही. पण दक्षिणेकडे, जिथे दिसत होते, तिथेही अडचण होती. कॅलिप्सोला ५३२ आणि १०६४ हे दोन रंग होते, ध्रुवण फक्त ५३२ वर होते आणि रामन संकेत मुळीच नव्हता. स्थितांबरातल्या कणांचा प्रकार तो प्रामुख्याने विध्रुवणावरून ठरवत असे आणि कमी विध्रुवण दिसले की ‘सल्फेट’ असे लिहीत असे. सायबेरियाचा गोल झालेला धूर या चाळणीतून सल्फेट म्हणूनच बाहेर पडला, हे लाइपझिगच्या गटाने एका स्वतंत्र अभ्यासात दाखवून दिले.

चूक फक्त नावाची राहत नाही. प्रकार ठरला की त्यानुसार लायडार गुणोत्तर गृहीत धरले जाते. ज्या थराचे खरे गुणोत्तर ८५ आहे तो सल्फेट समजून ५० ने सोडवला, तर ०.१ प्रकाशीय जाडीचा थर ०.०६ च्याही खाली दिसू लागतो. शिवाय गंधकाम्लाचा थेंब सूर्यप्रकाश परतवून जमीन थंड ठेवतो, तर काजळीचा कण आपल्या भोवतालची हवा तापवतो. हवामानाच्या हिशेबात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

वाद

सर्वांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. कॅनडाच्या ‘सायसॅट’ उपग्रहावरील अवरक्त वर्णपटमापक सूर्याचा प्रकाश वातावरणाच्या कडेतून येताना तपासतो आणि त्या वर्णपटात गंधकाम्लाच्या आणि धुराच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात. त्या यंत्रावर काम करणाऱ्या गटाने २०२२ मध्ये असे मांडले की राइकोकेनंतरच्या काळात स्थितांबरात आढळलेले कण प्रामुख्याने सल्फेटच होते आणि धुराचा दावा टिकत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, कारण अवरक्त वर्णपट रासायनिक घटकांबद्दल थेट बोलतो आणि लायडारला तसे बोलता येत नाही.

दोन्ही बाजूंचे वाचन केल्यावर मला असे वाटते की त्या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या हवेबद्दल बोलत आहेत. सायसॅटचे ते यंत्र सूर्याशिवाय चालत नाही. ध्रुवीय रात्रीत जहाजाच्या माथ्यावरची हवा त्याच्या आवाक्यात येऊच शकत नव्हती, आणि अधिक उंचीवर गंधकाम्लाचे प्राबल्य होते हे लाइपझिगचा गटही नाकारत नाही. तेरा किलोमीटरच्या वरच्या भागाबद्दल मी अवरक्त वर्णपटाला अधिक मान देईन. सात ते बारा किलोमीटरमधल्या थराबद्दल मात्र ५५ आणि ८५ या जोडीचे दुसरे समाधानकारक स्पष्टीकरण मला दिसत नाही. गंधकाम्लाच्या थेंबांना हिरव्या रंगात ८५ पर्यंत नेऊन अतिनीलमध्ये ५५ वर ठेवेल असे थेंबांचे माप सुचवणे फार कठीण आहे.

या ओळखीवर पुढचा एक मोठा प्रश्न अवलंबून आहे. २०२० च्या वसंतात आर्क्टिकवर ओझोनचा विक्रमी ऱ्हास झाला. त्याचे मुख्य कारण असाधारण थंड आणि दीर्घकाळ टिकलेला ध्रुवीय भोवरा हे आहे. पण ओझोन नष्ट करणारे क्लोरीन मोकळे करणाऱ्या अभिक्रिया कणांच्या पृष्ठभागावर घडतात, आणि तो पृष्ठभाग आम्लाच्या थेंबाचा आहे की सेंद्रिय आवरण असलेल्या काजळीचा, यावर त्या अभिक्रियांचा वेग ठरतो. त्या हिवाळ्यातल्या धुराचा ओझोनवर नेमका किती परिणाम झाला, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

कॅलिप्सोचे काम २०२३ मध्ये थांबले. मे २०२४ मध्ये युरोप आणि जपान यांनी मिळून सोडलेल्या ‘अर्थकेअर’ उपग्रहावर असे लायडार आहे जे विलोपन आणि प्रतिप्रकीर्णन वेगळे मोजू शकते, शिवाय ध्रुवणही मोजते. गृहीत धरण्याची जुनी अडचण त्याने अवकाशातूनही दूर केली आहे. मात्र त्याचा रंग एकच आहे, ३५५ नॅनोमीटर. पोलारश्टेर्नवरचा तोच थर त्याच्यासमोर आला असता तर त्याला ५५ स्टेरेडियन आणि अत्यल्प विध्रुवण असे दोन आकडे मिळाले असते, आणि तेवढ्यावरून धूर आणि गंधकाम्ल यांत निवड करता आली नसती. त्यासाठी जमिनीवर आणि जहाजांवर दोन रंगांची रामन लायडार चालू ठेवावी लागतील, आणि तीही ८२ अंशांच्या उत्तरेला, जिथे आज अशी यंत्रे फार थोडी आहेत.